नव्या तापमापकांची परीक्षा

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली त्याच आठवड्यांत आमच्या प्रयोगशाळेच्या दारांत अकरा खोकीं येऊन पडलीं. पालकांनीं दोन वर्षें थोडा थोडा करून जमविलेला निधि आणि कांहीं माजी विद्यार्थ्यांची देणगी यांतून ही सामग्री आली होती. खोकीं उघडण्याचा मान दहावीच्या मुलांस मिळाला व तो त्यांनीं इतक्या उत्साहानें बजावला कीं, कागदाच्या कपट्यांनीं सारा व्हरांडा भरून गेला. आंतून काय काय निघालें त्याची यादी शाळेच्या अहवालांत छापली आहेच. ती येथें पुन्हां देऊन आम्ही जागा अडवीत नाहीं. बीकर, शंकुपात्रें, ब्यूरेटी, दोन सूक्ष्मदर्शक यंत्रें, विजेवर चालणारा एक तराजू आणि सहा तापमापक एवढें सांगितलें म्हणजे पुरें. या लेखांत आम्हांस मुख्यतः त्या सहा तापमापकांविषयीं लिहावयाचें आहे. त्यांनीं आम्हांस एक धडा दिला, आणि तो मुलांपेक्षां आम्हां शिक्षकांसच अधिक झोंबला.

मडकें विकत घेतांना आपण तें वाजवून घेतों. तापमापकाच्या बाबतींत तसें कोणी करीत नाहीं. कांच स्वच्छ, तीवरील रेघा सारख्या, आंत तांबडा द्रव चमकत असलेला. अशा वस्तूवर अविश्वास दाखविण्याचें मनांतच येत नाहीं. तथापि नवें उपकरण कामास लावण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी हा शास्त्राचा जुना दंडक आहे. म्हणून सहाही तापमापकांस दोऱ्यानें एक ते सहा असे अंक बांधून आम्हीं ते मुलांकडून उकळत्या पाण्यावर धरविले. 'पाण्यावर' हा शब्द आम्हीं मुद्दाम योजला आहे. उत्कलनबिंदु पाहावयाचा तर तापमापकाचा फुगा पाण्यांत बुडवीत नाहींत. तो पाण्याच्या किंचित् वर, वाफेंत ठेवतात. पाण्यांत क्षार विरघळलेला असला, किंवा भांड्याची आंतली बाजू फारच गुळगुळीत असली, तर पाणी स्वतः थोडें अधिक तापतें. वाफ मात्र आपल्या ठरलेल्या उष्णतामानावरच राहते. शिवाय अंक वाचतांना डोळा द्रवाच्या टोंकाच्या नेमका समोर हवा. वरून वाचलें कीं एक आंकडा दिसतो, खालून वाचलें कीं दुसरा.

पांच मिनिटें थांबून मुलांनीं अंक वाचले व एकानें ते फळ्यावर लिहिले. पहिला ९८, दुसरा ९८, तिसरा ९८, चौथा १००, पांचवा ९८, सहावा ९८.

वर्गांत एकच गलका झाला.

"सर, चौथा तेवढा चांगला आहे. बाकीचे पांच खराब निघाले."

"कशावरून रे?"

"पुस्तकांत शंभर दिलें आहे ना, सर!"

सर्वांचें यावर एकमत झालें. एका हुषार विद्यार्थ्यानें तर दुकानदारास पाठवावयाच्या पत्राचा मसुदाही लिहावयास घेतला. पांच तापमापक सदोष आहेत, ते परत घेऊन चौथ्यासारखे पांच पाठवावे, असा त्याचा मायना होता. खरें सांगावयाचें तर, आमच्या हातांत तें पत्र त्याच क्षणीं आलें असतें तर आम्हींही त्यावर सही केली असती.

तेवढ्यांत आमच्या प्रयोगशाळेचे जुने सेवक, ज्यांना सारी शाळा मामा म्हणते, ते कोपऱ्यावरच्या रसवंतीगृहांतून बर्फाचा मोठा तुकडा घेऊन आले. परीक्षेचा दुसरा भाग त्या बर्फावर व्हावयाचा होता. बर्फ धुऊन घेतला, फडक्यांत गुंडाळून बारीक ठेचला, त्यावर बर्फाच्याच थंड पाण्याचा शिडकावा केला आणि सहाही तापमापक त्यांत रोवून ठेवले. वितळत्या बर्फाचें उष्णतामान शून्य अंश असतें. तें पुण्यास शून्य, मुंबईस शून्य आणि हिमालयांतही व्यवहारतः शून्यच. पांच तापमापक शून्याच्या रेघेवर येऊन स्थिर झाले. चौथा दोनावर थांबला. आणखी बर्फ घातला, दहा मिनिटें वाट पाहिली, जागा बदलून पाहिली. तो दोनावरून हालेना.

पत्र लिहिणाऱ्या मुलानें आपला कागद हळूच घडी करून खिशांत टाकला. चौथा तापमापक थंडींत काय नि उष्णतेंत काय, दोन अंश चढवूनच सांगत होता. पुस्तकाशीं त्याचा जो मेळ बसला होता तो केवळ त्याच्या दोषामुळें बसला होता!

मग पुण्यास पाणी ९८ अंशांवरच उकळतें कीं काय? होय, सुमारें तितक्यावरच उकळतें. पाणी तापूं लागलें म्हणजे त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो, व तो बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला म्हणजे पाण्याच्या पोटांत बुडबुडे धरून तें उकळूं लागतें. अर्थात् बाहेरची हवा जितकी हलकी, तितकें पाण्यास लवकर उकळतां येतें. समुद्रकांठीं हवेचा दाब सरासरीनें १०१३ मिलिबार, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो. पुस्तकांतील शंभर अंश हे त्या दाबाचे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. तेवढ्या हवेचा थर आपल्या पायांखालीं राहिल्यामुळें येथील दाब ९४५ ते ९५० मिलिबारांच्या आसपास, म्हणजे पाऱ्याचे ७१० मिलिमीटर, एवढाच भरतो. आणि त्या दाबाखालीं पाणी ९८ अंशांच्या किंचित् वर उकळतें. दर तीनशें मीटर चढलें कीं उत्कलनबिंदु साधारण एक अंशानें उतरतो हा हिशेब ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रत्नागिरीस किनाऱ्यावर शंभर, पुण्यास ९८, सिंहगडाच्या माथ्यावर ९६ हूनही कमी, आणि कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटरांवर, ९५ च्याही खालीं. गडावर पिठल्याला उकळी लवकर येते पण डाळ शिजतां शिजत नाहीं, ही तक्रार आमच्या सहलींतल्या स्वयंपाकी मंडळींनीं प्रतिवर्षीं केली आहे. तिचें कारण हेंच. घरच्या प्रेशर कुकरचें काम याच्या उलट चालतें. आंत दाब वाढवून तो पाण्यास १२० अंशांपर्यंत न उकळतां तापूं देतो.

मुलांस हें पटलें, पण त्यांतील एकानें आणखी खात्री करून घेण्याचें ठरविलें. दुसऱ्या दिवशीं तो वेधशाळेच्या हवामानपत्रकांतून पुण्याचा वायुभार उतरून घेऊन आला. तो आंकडा हजाराच्या वर होता, व त्यावरून हिशेब करतां उत्कलनबिंदु जवळजवळ शंभरच येत होता. पुन्हां गोंधळ! वास्तविक त्या पत्रकांत चूक कांहींच नव्हती. निरनिराळ्या गांवांचे वायुभार एकमेकांशीं ताडून पाहतां यावेत म्हणून पत्रकांत आणि नकाशांत ते समुद्रसपाटीस उतरवून देण्याची चाल आहे; तसें न केलें तर नकाशावर प्रत्येक डोंगर वादळासारखा दिसेल. प्रत्यक्ष ठिकाणचा दाब निराळा नोंदलेला असतो. आंकडा खरा असूनही तो कशाचा आहे हें न विचारल्यामुळें मनुष्य कसा फसतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस शोधूनही सांपडलें नसतें.

वेधशाळेचें नांव निघालेंच आहे तर तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. वेधशाळेनें पाऊस सांगितला कीं छत्री घरींच ठेवावी, अशी थट्टा पुण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आम्हींही ती केली आहे. परंतु शिवाजीनगरच्या त्या इमारतींत, जिला जुने पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात, अंदाजाखेरीज दुसरेंही एक मोठें काम झालें आहे. हवामानखात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. १९४४ मध्यें तें दिल्लीस हालविलें, तरी उपकरणें बनविण्याचें व पारखण्याचें काम पुण्यांतच राहिलें. १९४८ सालीं या उपकरणविभागांत कुमारी ॲना मणी या रुजू झाल्या. त्यांचा जन्म १९१८ चा, त्रावणकोर संस्थानांतील पीरमेडचा. बंगलोर येथें सर चंद्रशेखर रामन यांच्या हाताखालीं त्यांनीं हिरा व माणिक यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केलें, परंतु एम्. एस्‌सी. ची पदवी नाहीं या सबबीवर त्यांस डॉक्टरेट मिळाली नाहीं. पुढें इंग्लंडांत जाऊन त्यांनीं हवामानाच्या उपकरणांचें शिक्षण घेतलें. त्या पुण्यास आल्या तेव्हां आपल्या देशास लागणारीं बरींच उपकरणें परदेशांतून येत. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार केले व तीं येथेंच घडविण्याची व्यवस्था लावली. उपकरण नुसतें तयार झालें म्हणजे काम संपलें असें त्या मानीत नसत. तें प्रमाण उपकरणाशीं ताडून, त्याचा दोष किती हें लिहून, मगच तें बाहेर जावें असा त्यांचा कटाक्ष होता. आम्ही एका बर्फाच्या तुकड्यावर जें केलें तेंच त्या कर्मशाळेंत हजारों उपकरणांवर झालें आहे. मणीबाई १९७६ सालीं निवृत्त झाल्या आणि २००१ सालीं वारल्या. आमच्या शाळेपासून वेधशाळेपर्यंतच्या रस्त्यानें रोज जाणाऱ्या किती मुलांस हें नांव ठाऊक आहे, हें आम्हीं वर्गांत विचारून पाहिलें. एकही हात वर झाला नाहीं.

ज्याच्या नांवानें आपण हे अंश मोजतों त्या सेल्सियसचीही गोष्ट मुलांस मोठी गमतीची वाटली. स्वीडन देशांतील या ज्योतिर्विदानें १७४२ सालीं आपली मापनपद्धति मांडली तेव्हां उकळत्या पाण्यास शून्य व गोठत्या पाण्यास शंभर असे उलटे अंक दिले होते! ते सुलटे झाले त्याच्या मृत्यूनंतर. परंतु उत्कलनबिंदु हवेच्या दाबाप्रमाणें बदलतो, तेव्हां त्याचा अंक कोणत्या दाबाचा तें सांगितलेंच पाहिजे, हें त्यानें त्याच वेळीं लिहून ठेवलें होतें. म्हणजे पावणेतीनशें वर्षांपूर्वीं सेल्सियसनें जी सूचना दिली, ती आमच्या वर्गास गेल्या जूनमध्यें पोंचली.

आतां जी गोष्ट लिहावयाची ती लिहितांना आम्हांस संकोच वाटतो.

मुलांची परीक्षा संपल्यावर आमच्या मनांत आलें कीं, पूर्वींचे तापमापक काय दाखवीत होते तेंही पाहावें. पाऱ्याचे ते तापमापक आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं वापरांतून काढले. पारा विषारी; तापमापक फुटला कीं त्याच्या गोळ्या फरशीच्या भेगांत शिरतात व त्यांची वाफ कित्येक दिवस हवेंत राहते. पाऱ्याचा वापर आटोक्यांत आणण्यासाठीं २०१३ सालीं जपानांत मिनामाता करार झाला व आपल्या देशानें त्यास २०१८ सालीं मान्यता दिली. असो. एक जुना तापमापक पेटींत बंद करून ठेवलेला होता, तो आम्हीं स्वतः काळजीपूर्वक काढून वाफेंत धरला. त्यानें ९८ दाखविलें. बर्फांत त्यानें शून्य दाखविलें. तो निर्दोष होता.

त्याच कपाटाच्या खालच्या खणांत मागच्या वर्षांच्या कांहीं प्रयोगवह्या नमुन्यादाखल जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील उत्कलनबिंदूचा प्रयोग आम्हीं काढून पाहिला. बारा वह्या होत्या. अकरा वह्यांत सुवाच्य अक्षरांत 'निरीक्षण : १०० अंश' असें लिहिलेलें होतें. त्या अकरा मुलांनीं ज्या तापमापकाकडे पाहिलें तो ९८ दाखवीत असला पाहिजे. त्यांनीं डोळ्यांनीं ९८ पाहिलें आणि हातानें १०० लिहिलें. बाराव्या वहींत मात्र ९८ होते. त्या आंकड्यावर तांबड्या शाईची फुली होती, शेजारीं '१००' असा दुरुस्तीचा अंक होता, एक गुण कापलेला होता, आणि खालीं सही आमची होती.

एक गुण ही क्षुल्लक गोष्ट आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटलें नाहीं. वर्गांत एका मुलाचा गुण कापला जातो तेव्हां शेजारचीं चाळीस मुलें तें पाहत असतात. पुढच्या प्रयोगास तीं आधीं पुस्तकाचें शेवटचें पान उघडतात, उत्तर काय यावयास पाहिजे तें पाहतात, आणि मग तापमापकाकडे वळतात. आम्हीं इतकीं वर्षें प्रयोगशाळेंत नेमकें काय शिकविलें हा प्रश्न त्या दिवशीं आम्हांस घरीं जातांना सारखा टोंचत होता.

नव्या तराजूनेंही असाच एक चकवा दिला, पण यावेळीं मुलें सावध होतीं. तराजू अंबाल्याहून आला. हरियाणांतील हें शहर शाळा-महाविद्यालयांस लागणाऱ्या शास्त्रीय उपकरणांच्या धंद्याविषयीं प्रसिद्ध आहे. बरोबर शंभर ग्रॅमांचें एक प्रमाण वजन होतें. तें ठेवतांच पडद्यावर ९९.९२ असा अंक उमटला. "सर, हा तराजूही खराब!" असें मागून कोणी तरी म्हणालें, पण पुढच्या बांकावरील मुलांनीं त्यास गप्प केलें व आधीं आमचा जुना, कांचेच्या पेटींतला दोन पारड्यांचा तराजू बाहेर काढविला. एका पारड्यांत तें नवें वजन व दुसऱ्यांत जुनीं पितळी वजनें घालतांच कांटा मध्यावर उभा राहिला. म्हणजे वजन खरें होतें. तराजूही एका अर्थानें खराच होता. तो अंबाल्यास जुळविलेला असून पुण्यास येऊन बसला होता, इतकेंच.

हें मुलांस कसें समजावून द्यावें याचा आम्हांस थोडा विचार करावा लागला. पृथ्वी अगदीं वाटोळी नाहीं. विषुववृत्तापाशीं ती किंचित् फुगलेली आहे, व तिच्या फिरण्याचा परिणामही तेथें अधिक होतो. त्यामुळें जसजसें उत्तरेकडून विषुववृत्ताच्या बाजूस सरकावें तसतशी वस्तूवरील ओढ थोडी थोडी कमी होते. उंचीवर गेल्यानेंही ती कमी होते. अंबाला तीस अक्षांशांवर, पुणें साडेअठरांवर आणि शिवाय अधिक उंच. विजेचा तराजू वस्तूची ओढ मोजतो. ती शंभर ग्रॅमांमागें आठ-नऊ सेंटिग्रॅमांनीं घटलेली त्यास बरोबर कळते. जुन्या तराजूस हें कळत नाहीं, कारण त्याच्या दोन्ही पारड्यांवरील ओढ सारखीच घटते. तोच तराजू चंद्रावर नेला तरी तो तेंच उत्तर देईल. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत, अगदीं शेवटच्या पानावर, तराजू जेथें ठेवावयाचा तेथें प्रमाण वजनानें पुन्हां जुळवून घ्यावा अशी सूचना होती. मुलांनीं ती शोधून काढून तसें केलें, व अंक १००.०० वर आला. आठ सेंटिग्रॅम म्हणजे किती, असें एकानें विचारलें. जुनी गुंज सुमारें बारा सेंटिग्रॅमांची. तेव्हां गुंजेच्या निम्म्याहून अधिक! सोनें घेतांना एवढी तूट पुण्यांतील कोणती गृहिणी सोडील?

कांचसामानाविषयीं थोडेंच लिहितों. साध्या कांचेचें भांडें एकदम तापविलें कीं तडकतें, कारण त्याचा तापलेला भाग पसरूं पाहतो व थंड भाग त्यास अडवितो. जर्मनींतील येना येथें ओटो शॉट यानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत कांचेंत बोरॉनचें संयुग मिसळून नवी कांच काढली. ती साध्या कांचेच्या सुमारें तृतीयांशच पसरते, म्हणून ज्वाळेवर टिकते. १९१४ चें महायुद्ध सुरू होतांच जर्मन कांच मिळेनाशी झाली आणि इंग्लंडांतील प्रयोगशाळा अडून बसल्या. कांचेची गरज आपल्या लोकांनीं त्याच्याही पूर्वीं ओळखली होती. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीनें निघालेल्या व लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडानें, लोकांकडून एक एक पैसा गोळा करून, पुण्याजवळच तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांचकारखाना काढला, व तेथें शिकलेले कारागीर देशांत ठिकठिकाणीं पसरले. पुढें पाषाणच्या रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. तिची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजीं बाळासाहेब खेर यांनीं बसविली व ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. तेथें बाजारांत न मिळणारीं कांचेचीं उपकरणें फुंकून तयार करणारे कारागीर संशोधकांच्या शेजारीं काम करीत आले आहेत. पुण्याच्या मुलांस हें सारें सायकलीच्या अंतरावर आहे.

परीक्षेवरून सर्वांस आठवेल अशी एक गोष्ट अगदीं अलीकडची. पुण्यांतील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ सालीं विषाणु-संशोधन केंद्र म्हणून निघाली. ३० जानेवारी २०२० रोजीं आपल्या देशांतील कोविडचा पहिला रोगी केरळांत ठरला, तो याच संस्थेंत झालेल्या तपासणीवरून. पुढें देशभरच्या प्रयोगशाळांस तपासणीचीं द्रव्यें पुरविण्याचें कामही तिनें केलें. त्या दिवसांत आपल्यापैकीं बहुतेकांनीं तपासणीच्या निकालाची वाट पाहत एखादी तरी रात्र काढली असेल. तो निकाल कसा ठरत असे? रोग्यांच्या नमुन्यांबरोबर यंत्रांत आणखी दोन नळ्या ठेवीत. एकींत विषाणूचा अंश आहे हें आधींच ठाऊक असे, दुसरींत तो मुळींच नाहीं हेंही ठाऊक असे. पहिलीनें 'आहे' व दुसरीनें 'नाहीं' असें उत्तर दिलें तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवावयाचा. स्वच्छ नळीनेंही 'आहे' म्हटलें कीं सबंध घाणा टाकून देऊन काम पुन्हां आरंभापासून. आमचा बर्फ आणि वाफ या त्या दोन नळ्याच होत.

हा सर्व वृत्तान्त पालकसभेंत सांगितला तेव्हां एका पालकांनीं सरळ विचारलें, "मुलानें बोर्डाच्या परीक्षेंत ९८ लिहिलें आणि गुण गेला तर त्यास जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमचें उत्तर असें : प्रश्नपत्रिकेंत 'प्रमाण वायुभारास पाण्याचा उत्कलनबिंदु किती' असें विचारलें तर शंभर हेंच उत्तर, व तेंच लिहावें. प्रयोगवहींत 'तुला काय दिसलें' असें विचारलेलें असतें. तेथें जें दिसलें तेंच लिहावें. प्रश्नच दोन निरनिराळे आहेत. यंदापासून आमच्या शाळेंत प्रयोगवहीचे गुण जुळणाऱ्या आंकड्यास मिळत नाहींत. आंकडा कसा घेतला, किती वेळां घेतला व तो पुस्तकाशीं न जुळल्यास त्याचें कारण काय सुचतें, या लेखनास मिळतात. पुण्यास ज्याच्या वहींत १०० येतील त्यास पाणी पुन्हां उकळावें लागतें.

दुसरी तक्रार फुटक्या सामानाच्या वसुलीची होती. ती आम्हांस मान्य आहे व ती वसुली बंद केली आहे. पूर्वीं आम्ही दंड घेत असूं, मुलें भीत असत, आणि सामान कपाटांत सुरक्षित राहत असे. आमच्याकडील एक ब्यूरेट अशी वीस वर्षें नवी राहिली होती. ती या ऑगस्टांत नववीच्या एका मुलाच्या हातून फुटली. तोंपर्यंत तिनें दोन महिन्यांत साठ मुलांस अनुमापन शिकविलें होतें. मामांनीं तुकडे गोळा केले आणि फुटतुटीच्या वहींत तारीख लिहिली.

चौथा तापमापक आम्हीं परत पाठविला नाहीं. त्याच्या डब्यावर मुलांनीं चिठ्ठी चिकटविली आहे : 'वाचलेल्या अंकांतून दोन वजा करावे. परीक्षा : बर्फ व वाफ.' खालीं तारीख आहे. दर सहामाहीस ही परीक्षा पुन्हां घ्यावयाची असून ती घेणाऱ्या वर्गानें चिठ्ठीवर नवी तारीख घालावयाची आहे. वार्षिक संमेलनाच्या दिवशीं सकाळीं दहा ते बारा प्रयोगशाळा सर्वांस खुली राहील. पालकांनीं येतांना घरांत प्रयोगाचा किंवा स्वयंपाकाचा तापमापक असल्यास तो बरोबर आणावा. ताप पाहण्याचा आणूं नये, कारण तो वाफेंत धरतां येत नाहीं. बर्फ शाळेचा.

त्या बाराव्या वहीवर आम्हीं कापलेला गुण परत दिला आहे, व फुली खोडून खालीं पुन्हां सही केली आहे. वहीवर नांव आहे, पण तें आम्ही येथें छापीत नाहीं. तो विद्यार्थी आतां मोठा गृहस्थ झाला असेल. कोठें आहे तें आम्हांस कळलेलें नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडला तर त्यानें संमेलनास अवश्य यावें. वही कपाटाच्या खालच्या खणांतून काढून वर ठेवली आहे.